दोन अनोळखी माणसे आणि राज्याचे वैविध्य

एखाद्या राज्यात किती वंशांचे लोक राहतात हे मोजले की तेथील वैविध्य कळले, असा समज रूढ आहे. अमेरिकेच्या सर्व राज्यांत सगळ्या प्रमुख वांशिक गटांची माणसे आढळतात. तरीही २०२० च्या जनगणनेनुसार हवाईचा वैविध्य निर्देशांक ७६ टक्के आहे आणि मेन राज्याचा अवघा १८.५ टक्के. हा फरक गटांच्या संख्येमुळे नव्हे, तर लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यांमुळे पडतो.

या निर्देशांकामागचा प्रश्न मोठा सुंदर आहे: राज्यातून कोणतीही दोन माणसे निवडली, तर ती वेगवेगळ्या गटांतील असण्याची संभाव्यता किती? उत्तरासाठी उलटा प्रश्न घेणे सोपे जाते: ती दोघे एकाच गटातील असण्याची संभाव्यता किती? पहिला माणूस एखाद्या गटातील असण्याची संभाव्यता म्हणजे त्या गटाचा वाटा. दोघेही त्याच गटातील निघण्याची संभाव्यता म्हणजे त्या वाट्याचा वर्ग, म्हणजे वाटा गुणिले वाटा. हवाईत आशियाई सुमारे ०.३६, गोरे ०.२२, मिश्रवंशीय ०.२०, हवाईचे मूळ रहिवासी व पॅसिफिक बेटांवरील लोक मिळून ०.१० आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) जवळपास तेवढेच आहेत. या वाट्यांच्या वर्गांची बेरीज ०.२४ च्या आसपास येते. ती १ मधून वजा केली की ०.७६ उरतात. मेनमध्ये गोऱ्यांचा वाटा ०.९० असल्याने त्या एकाच गटाचा वर्ग ०.८१ भरतो आणि लहान गटांचे वर्ग जवळजवळ नगण्य ठरतात. जनगणना खाते या गणितासाठी एकूण आठ गट धरते, म्हणून ते सर्व समसमान असले तरी निर्देशांक ८७.५ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडलेले हेच माप जीवशास्त्रज्ञ जंगलातील प्रजातींसाठीही वापरतात.

हवाईचे वाटे असे विभागले जाण्यामागे उसाचे मळे आहेत. त्यांवर १८५२ पासून चिनी, १८८५ पासून जपानी आणि १९०६ पासून फिलिपिनो मजूर आणले गेले.

मात्र हे गट निसर्गाने आखलेले नाहीत. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की मानवातील सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका समूहाच्या आतच असते. 'शुद्ध रक्ता'च्या कल्पनेला विज्ञानात कोणताही आधार नाही. गटांच्या सीमा प्रशासन ठरवते व बदलते. १९७० च्या अमेरिकी जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती, १९८० पासून ती आशियाईंत होते. त्यामुळे कॅलिफोर्नियातील मराठी आणि जपानी शेजारी निर्देशांकाच्या लेखी एकाच गटाचे ठरतात. तसेच २०१० ते २०२० या काळात देशातील मिश्रवंशीयांचे प्रमाण २.९ वरून १०.२ टक्क्यांवर गेले, त्यातील मोठा भाग प्रश्नांची रचना आणि उत्तरांची नोंदणी बदलल्यामुळे वाढलेला आहे.