काचबिंदूजन्य दृष्टिनाश : जागतिक व्याप्ती

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृक्-चेतेचा, म्हणजे बोलीत ज्याला ‘डोळ्याची नस’ म्हणतात तिचा, हळूहळू ऱ्हास करणाऱ्या विकारांच्या गटाला काचबिंदू म्हणतात. परत न येणाऱ्या अंधत्वाचे हे जगातील सर्वांत मोठे कारण आहे. मोतीबिंदूने आंधळे झालेले याच्या चौपटीहून अधिक. पण मोतीबिंदू काढून भिंग बसवले की माणसाला दिसू लागते. काचबिंदूत जेवढी दृष्टी गेली तेवढी गेलीच. दोन नावांतल्या समान ‘बिंदू’ने बराच घोटाळा केला आहे. ‘बिंदू अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करू’ म्हणून थांबलेल्या माणसाचा आजार काचबिंदू निघाला, तर थांबण्यात गेलेले महिने त्याच्या नसेतून वजा झालेले असतात.

डोळ्याच्या पुढच्या भागात नेत्रोद नावाचा पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातील जाळीतून झिरपून बाहेर जातो. निचरा मंदावला की आतला दाब चढतो. साधारणपणे हा दाब १० ते २१ मिमी पारा असतो. कोन उघडा असून जाळी तुंबली तर दाब वर्षानुवर्षे चोरपावलांनी वाढतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. कोनच बंद झाला तर मात्र कधी कधी एका रात्रीत गोंधळ उडतो : डोळा लालबुंद, दिव्यांभोवती रंगीत वलये, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि उलट्या. अशा रुग्णावर पित्ताचे किंवा अर्धशिशीचे उपचार होत राहतात आणि डोळ्याकडे लक्ष जाईपर्यंत उशीर होतो. दाब हे मुख्य कारण असले तरी सर्वस्व नाही. जपानमधील ताजिमी शहरात चाळिशीपुढच्या नागरिकांची तपासणी झाली, तेव्हा उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्यांपैकी ९२ टक्क्यांचा दाब २१ च्या आतच निघाला. नुसता दाब मोजून ‘नॉर्मल आहे’ असे सांगणे म्हणूनच धोक्याचे.

दृक्-चेतेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. त्यांतील पाव ते एक तृतीयांश गेले तरी तपासणीत दोष उमटेलच असे नाही. जनजागृतीच्या फलकांवर काचबिंदू म्हणजे चारी बाजूंनी काळे झालेले, मधोमध गोल भोक उरलेले चित्र छापतात. ते दिशाभूल करणारे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत ५० रुग्णांपुढे वेगवेगळी चित्रे ठेवली, तर काळा बोगदा एकानेही निवडला नाही. अनेकांना काही कमी दिसते आहे याची जाणीवच नव्हती. इतरांनी अस्पष्ट किंवा गायब झालेल्या भागांची चित्रे दाखवली. नजरेतली गळलेली जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो. रस्ता रिकामा दिसतो आणि कडेची सायकल अंगावर आल्यावरच ‘उगवते’. जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. वर्तमानपत्र मात्र नीट वाचता येते.

जागतिक आकडे वाचताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार पन्नाशीपुढचे ३ कोटी ३६ लाख लोक अंध होते. त्यांतील सुमारे ३६ लाख काचबिंदूमुळे, तर दीड कोटीवर मोतीबिंदूमुळे. अंधत्व आणि मध्यम ते तीव्र दृष्टिदोष एकत्र धरून काचबिंदूचे बाधित ७७ लाख, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता रुग्णसंख्या पाहा. ४० ते ८० वयोगटात २०१३ साली ६ कोटी ४३ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज होता आणि २०४० मध्ये हा आकडा ११ कोटी १८ लाखांवर जाईल असे त्याच अभ्यासाने वर्तवले. वाढीचे कारण रोग पसरतो हे नसून माणसे जास्त जगतात हे आहे. रुग्ण आणि अंध यांच्या आकड्यांतील तफावत काही अंशी खरी, काही अंशी मोजपट्टीची. बहुतेक झटपट सर्वेक्षणांत अक्षरांचा किंवा चिन्हांचा तक्ता दाखवून दृष्टी ठरवतात. दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर एका जागी ठेवून दिसणारा परिसर, १० अंशांहून कमी उरले तर तेही अंधत्वच, असे व्याख्या म्हणते. पण ते मोजायला वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, लुकलुकणारा प्रत्येक ठिपका दिसला की बटण दाबत बसावे लागते. गावोगाव फिरणाऱ्या पथकाला ते जमत नाही. त्यामुळे तक्त्याची शेवटची ओळ वाचणारा, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटणारा माणूस ‘डोळस’ या रकान्यात जातो.

भार सगळीकडे सारखा नाही. पश्चिम आफ्रिकेत रोग लवकर सुरू होतो आणि वेगाने पुढे जातो. घानातील तेमा शहरात चाळिशीपुढच्यांत प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आढळले. अटलांटिकपलीकडच्या बार्बाडोसमध्ये, जिथल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले होते, जवळपास तेवढेच. नायजेरियाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात काचबिंदू सापडलेल्या दर पाच जणांपैकी एक आधीच अंध होता आणि ९० टक्क्यांहून अधिकांना आपला रोग ठाऊक नव्हता. कोन बंद होण्याचा प्रकार मुख्यतः आशियाचा. २०१० सालच्या अंदाजात त्याचे ८७ टक्के रुग्ण आशियाई होते. संख्येने कमी असूनही हा प्रकार दृष्टी जास्त घेऊन जातो.

भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०१० साली मांडला गेला. लोकसंख्येवर आधारित पाहण्यांत दहातले नऊ रुग्ण तोवर निदानाविनाच होते. महाराष्ट्रात नागपूरलगतच्या खेड्यांत झालेल्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यासात तिशीपुढच्या ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. ग्रामीण भागातील एवढे बारकाईचे काम आपल्याकडे विरळाच. काचबिंदूच्या या ओझ्यात एक खास देशी भर आहे : डोळा खाजला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉइडचे थेंब. ते घालताच लाली जाते, बरे वाटते, म्हणून महिनोन्‌महिने घातले जातात आणि काहींच्या डोळ्यांत दाब चढतो. अॅलर्जीने डोळे चोळणारी शाळकरी मुलेही त्यात सापडतात.

उपचार म्हणजे दाब उतरवणे. दुसरा सिद्ध मार्ग आजही नाही. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये बुबुळाचा तुकडा कापून तीव्र झटका आटोक्यात आणता येतो हे दाखवले. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ च्या सुमारास डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला बारीक भोक पाडून पाण्याला नवी वाट दिली. आज केली जाणारी, पाण्याला अशीच वाट काढून देणारी ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया १९६८ ची. थेंबांत टिमोलॉल १९७० च्या दशकाअखेरीस आणि लॅटॅनोप्रोस्ट १९९६ मध्ये आले. अडचण अशी, की थेंबांनी दिसणे सुधारत नाही, फक्त आहे ते टिकते. चुरचुरणारे औषध जन्मभर रोज घालायचे आणि फरक तर काहीच जाणवत नाही. बाटली संपली की पुढची आणायची राहते. म्हणूनच टांझानियातील किलिमांजारो भागातून २०२१ साली आलेल्या निष्कर्षांकडे लक्ष वेधले गेले : वर्षभरानंतर, निचरा वाढावा म्हणून कोनातील जाळीवर लेसर केलेल्या ६१ टक्के डोळ्यांत उपचार यशस्वी ठरले होते, टिमोलॉलच्या गटात ३१ टक्के.

सरसकट सगळ्यांची तपासणी करावी का, यावर एकमत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. चीनच्या ग्वांगझूमधील मोठ्या चाचणीतही अरुंद कोनाच्या प्रत्येकाला आधीच लेसर करण्यात फारसा लाभ दिसला नाही. हाताशी असलेला स्वस्त धागा रक्ताच्या नात्याचा आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅममध्ये रुग्णांच्या भावंडांचा आणि मुलांचा आयुष्यभराचा धोका २२ टक्के निघाला, इतरांचा २.३ टक्के. एक रुग्ण सापडला की पुढचा अनेकदा त्याच्याच माहेरी किंवा सख्ख्या भावाच्या घरी असतो, आणि त्यालाही तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असते.