गावासाठी काहीतरी करायचंय की विकास अर्थशास्त्र शिकायचंय?

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे एसओपी, म्हणजे ‘हा अभ्यासक्रम मला का करायचाय’ हे सांगणारे प्रवेश-अर्जाचे निबंध, येऊ लागतात. कुणाचा भाचा, कुणाच्या कॉलेजातली हुशार मुलगी, कुणी आटपाडीचं, कुणी दहिवडीचं. ‘सर, जरा नजर टाका.’ मी टाकतो. दहातल्या आठांचा पहिला परिच्छेद एकच असतो: लहानपणी टँकरपुढची घागरींची रांग पाहिली, आजोबांबरोबर चारा छावणीत मुक्काम केला, आणि तेव्हाच ठरवलं की विकास अर्थशास्त्रात एमए करायचं.

टँकर खरा, छावणीही खरी. ‘तेव्हाच ठरवलं’ हे मात्र थापच. दहा वर्षांच्या पोरानं टँकर बघून काही ठरवलंच असेल, तर टँकरचा ड्रायव्हर व्हायचं.

यात दोन वेगळ्या ओढींची गल्लत आहे. गावाची अवस्था बदलावी ही एक ओढ. ती नेमकी कशानं बदलते हे कळावं ही दुसरी. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण शिक्षण मात्र दोन वेगळ्या ठिकाणी मिळतं. एकीचा अर्ज दुसरीच्या पत्त्यावर गेला की दोन वर्षं आणि बापाचे पैसे दोन्ही जातात.

पहिली वाट तुम्हाला माहीतच आहे. म्हसवडला 1997 साली बायकांनी बायकांसाठी माणदेशी बँक उभी केली. 2016 साली जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. माणसं जोडायची, ग्रामसभेत बोलायचं, निधी आणायचा, भांडणं मिटवायची. त्यासाठी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आहे, विकास अध्ययनाचे अभ्यासक्रम आहेत. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट 1936 पासून हेच शिकवत आलीय. ही वाट दुय्यम आहे असं मला अजिबात वाटत नाही. उलट जास्त लोकांनी तीच धरावी.

दुसरी वाट समजायला आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. वि. स. पागे सांगलीकडचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, म्हणजेच रोजगार हमी योजना (रोहयो), ही त्यांची कल्पना साठच्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं हाच धागा उचलला. पागे विकास अर्थशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना त्याची गरजही पडली नाही.

मग 1988 साली किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर रोहयोची मजुरी दुप्पट झाली. मजुराच्या बाजूनं बघणारा कुणीही म्हणेल, उत्तम झालं. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन राव्हॅलियन आणि त्यांचे सहकारी मात्र आकडे घेऊन बसले आणि विचारलं, हमीचं काय झालं? मजुरी वाढल्यावर काम मागणाऱ्याला काम मिळणं अवघड झालं, असं त्यांना दिसलं. ज्याला काम मिळालं त्याचं भलं झालं, जो परत गेला त्याच्यासाठी हमी कागदावर राहिली. पागेंना योजना सुचली, राव्हॅलियननी ती तपासली. तुम्हाला यातलं कुणाचं काम करावंसं वाटतं? एसओपीत याचं उत्तर हवं.

आता खरी मेख. इथं भलेभले घसरतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा माण तालुक्यातल्या एका गावात यंदा डीप सीसीटी (उतारावर आडवे खणलेले खोल सलग चर) झाल्या, नालाबांध झाले, सगळ्यांनी श्रमदान केलं. गेल्या उन्हाळ्यात टँकर होता, पुढच्या उन्हाळ्यात विहिरींना पाणी. फलक लागतो: आधी, नंतर. आमचं पोर तो फोटो एसओपीत घालतं आणि लिहितं, ‘पाणलोटाच्या कामाचा परिणाम मी स्वतः पाहिला.’

त्यानं परिणाम पाहिलेला नाही. त्यानं दोन उन्हाळे पाहिलेत. अशी कामं बहुधा वाईट सालानंतर सुरू होतात, आणि वाईट सालानंतर बहुधा बरं साल येतं. त्या वर्षी गावानं नुसतं सत्यनारायण घातलं असतं, तरी विहिरीचं पाणी वर आलं असतं. प्रश्न ‘आधी काय होतं’ हा नसतोच. याच साली, याच पावसात, हे काम नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न असतो. पुस्तकात याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. मी ‘नसतं तर’ म्हणतो.

मग हुशार पोर म्हणतं, शेजारच्या गावाशी तुलना करू. तिथं काम झालं नाही. बरं, का झालं नाही? तिथं दोन गट आहेत, सरपंचाचं कुणी ऐकत नाही, तरुण मुंबईला. म्हणजे जे गाव श्रमदानाला एक होतं, ते मुळातच वेगळं गाव. त्याच्या शाळेचा निकालही बहुधा बरा असणार, दूध डेअरीही नीट चालत असणार. फरक बांधामुळे पडला की एकीमुळे? ही गाठ सोडवण्यातच या विषयाची अर्धी हयात गेलीय. 2019 चं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं. त्यांचा मार्ग म्हणजे कुणाला आधी द्यायचं ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे दोन्ही बाजू मुळात सारख्या राहतात.

पण धरण काही चिठ्ठ्या टाकून बांधत नाहीत. तिथं डोकं चालवावं लागतं. टेंभू योजना बघा. कराड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, मग खानापूर-आटपाडीकडे कालव्यानं सोडायचं. कालवा गेला की त्याच्या खालची रानं भिजतात, वरची तशीच राहतात. कालवा कुठून न्यायचा यात राजकारण असेल; पण कालव्याच्या वर शंभर हात आणि खाली शंभर हात, यातला फरक बराचसा उतार ठरवतो. तीच माती, तोच पाऊस, कित्येकदा तीच भावकी. ‘नसतं तर’चं उत्तर इतकं उघड्यावर फार ठिकाणी पडलेलं नसतं. (लगेच शंका काढा: वरचा शेतकरी मोटर टाकून पाणी उचलणारच, पाझरानं विहिरीही भरणार. ही शंका तुम्हाला माझ्याआधी सुचली असेल, तर अर्ज भराच.)

बाकीचे फरक किरकोळ. फी संस्थेगणिक बदलते, वेबसाइट बघा. नोकऱ्या दोन्हीकडे आहेत, पुष्कळदा एकाच संस्थेत. ‘डेव्हलपमेंट म्हणजे गणित कमी’ हे कुणी सांगितलं असेल तर त्याच्याकडून दुसरा कुठलाही सल्ला घेऊ नका. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, कुठंही कॅल्क्युलस आणि प्रोबॅबिलिटीशी गाठ पडतेच. आणि वृद्धी वेगळी, विकास वेगळा, ही बीएची सोळा मार्कांची टीप एसओपीत लिहू नका. ती तपासणाऱ्याला पाठ असते.

दुसरा माझा राग दूरच्या उदाहरणांवर आहे. केनियातल्या शाळकरी मुलांना जंतांच्या गोळ्या देऊन केलेला अभ्यास सगळ्यांना ठाऊक. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 साली ज्यांच्या देणगीतून उभी राहिली ते रावबहादूर काळे साताऱ्याचे, आणि तिथले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब घरोघरच्या आकड्यांनिशी मांडला होता, हे साताऱ्यातल्याच मुलांना माहीत नसतं.

माझा हट्ट एवढाच, की अर्ज करण्याआधी निदान एक हंगाम कुठल्यातरी सर्व्हेत घरोघर फिरा. चाळिसाव्या घरी ‘गेल्या महिन्यात तेलावर किती खर्च झाला?’ विचारताना कंटाळा आला आणि तरी उत्तर खरं की अंदाजपंचे हा प्रश्न डोक्यातून गेला नाही, तर हा विषय तुमचा.

गेल्या वर्षी जतहून एक एसओपी आला. पहिले दोन परिच्छेद टँकरचेच. तिसऱ्यात मात्र एकच वाक्य होतं: म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी ज्या गावांना मिळालं तिथली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं थांबली का, आणि थांबली तर त्यांची पोरं दिवाळीनंतर शाळेत दिसतात का? मी वरचे दोन परिच्छेद काट मारले आणि मुलीला फोन केला, आता हजेरीपटाची सोय कशी करणार ते लिही.