आजीचे आयुष्य आणि म्हाताऱ्या बापाची जनुके

माणूस सत्तरी गाठू लागला तो आधुनिक औषधांमुळे, हा समज पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांतही बालपण निभावलेली माणसे सत्तरीपर्यंत जगतात. मायकेल गुर्वेन आणि हिलर्ड कॅप्लान या मानववंशशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अशा समाजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रौढांच्या मृत्यूचे सर्वाधिक आढळणारे वय ७२ च्या आसपास निघाले.

कोडे इथेच सुरू होते. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, मुले होणे थांबल्यावर घात करणारी जनुके नैसर्गिक निवडीच्या चाळणीत अडकत नाहीत. मग पन्नाशीनंतर स्त्रियांचा मृत्युदर एकदम उसळायला हवा. तसे होत नाही.

पहिले भक्कम उत्तर आले टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांकडून. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे कडक जमिनीतून तासन्‌तास कंद खणणाऱ्या वृद्ध स्त्रिया दिसल्या. लेकीच्या कुशीत तान्हे बाळ आले की थोरल्या नातवंडाचे वजन आजीच्या कष्टांवर ठरायचे. जुन्या फिनलंड आणि कॅनडातल्या नोंदींच्या २००४ मधल्या अभ्यासातही दिसले, की पन्नाशीनंतर आजी जितकी जास्त जगली तितकी तिच्या नातवंडांची संख्या वाढली.

पुरुषांचा विचार मागून आला. फ्रँक मार्लो यांनी २००० मध्ये आणि श्रीपाद तुळजापूरकर, सेड्रिक प्युल्स्टन व गुर्वेन यांनी २००७ मध्ये सुचवले, की पुरुष उतारवयातही बाप होतात, म्हणून उशिरा मारणाऱ्या जनुकांवर चाळणी चालूच राहते. बहुतेक जनुके मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतात, त्यामुळे बापाच्या दीर्घायुष्याचा लाभ लेकीलाही होतो. मृत्युदर का उसळत नाही, याचा हा मला सर्वांत नेमका वाटणारा खुलासा आहे. याला किंमतही आहे: आइसलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासानुसार बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकीय मजकुरातले बदल, वाढतात.

तरीही एकट्या बापावर सगळे सोडता येत नाही. चिंपांझी नरही म्हातारपणी पिल्ले जन्माला घालतात, पण ती जात आपल्याइतकी जगत नाही. म्हणून सुरुवात आजीने केली आणि बापाने ती पुढे नेली, असे मी मानतो. यालाही २०२३ मध्ये एक अडचण आली. युगांडातल्या न्गोगो इथल्या चिंपांझी माद्या रजोनिवृत्तीनंतरही बरीच वर्षे जगताना आढळल्या, आणि त्यांच्या लेकी तर वयात आल्यावर बहुधा दुसऱ्या कळपात निघून जातात. म्हणजे लेकीच्या मुलांना आजीची मदत होते, हा खुलासा तिथे लागू पडत नाही.