पंधरा वर्षं झालेली ओम्नी : आरसी वाढवायची तर गाडीत आणि कागदात काय बघतात

खासगी गाडीची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. २०११ च्या जूनमध्ये नोंद झालेली मारुतीची ओम्नी व्हॅन २०२६ च्या जूनपर्यंत. तुम्ही ती दोन वर्षांपूर्वी कुणाकडून घेतलेली असली तरी मोजणी तीच. सेकंडहँड घेणारे इथेच गोंधळतात. आरसीवर आपलं नाव चढलं म्हणजे मुदतही नवी झाली असं धरून चालतात. आरटीओच्या टेस्टमध्ये गाडी पास झाली की एका वेळी ५ वर्षं वाढवून मिळतात, आणि ती संपली की पुन्हा अर्ज करता येतो.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारात’ हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान सोडून द्या. ती बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा जो नियम आला, तो सरकारी गाड्यांसाठी आहे. आपल्या खासगी गाडीला ठरावीक वयाची मर्यादा नाही, फक्त ती रस्त्यावर चालण्याजोगी पाहिजे.

अर्ज फॉर्म २५ मध्ये, परिवहनच्या वाहन पोर्टलवरून करायचा. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो करता येतो. बेळगाव-खानापूरच्या केए-२२ गाड्यांना बेळगावचं आरटीओ ऑफिस, निपाणी-चिकोडीच्या केए-२३ ना चिकोडीचं. नूतनीकरणाची फी कारला ५,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांपुढची असेल तर १०,०००. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा, आणि महिन्याचा एखादा दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. हरित कर, म्हणजे जुन्या गाड्यांवरचा प्रदूषणाचा कर, वेगळा.

पोर्टल इंग्रजीत, ऑफिसातल्या पाट्या कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेला माणूस मग सरळ एजंट गाठतो. गाठा की, पण अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच घाला आणि पैसे भरल्याची पावती मागून घ्या. नाहीतर अर्ज कुठे अडलाय हे तुम्हाला कळायचं नाही.

कागद असे लागतात : मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६०) आणि फॉर्मवर घासून घेतलेला चॅसी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिल ठसा. चलनं थकलेली असतील तर आधी ती भरा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, हे फार गाड्यांत दिसतं. ते काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. गाडी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ देऊन आधी वारसाच्या नावावर करून घ्या.

आता गाडीकडे वळू, कारण कागद बहुधा एका खेपेत जुळतात आणि गाडी जुळत नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. ते सहसा दगा देत नाही. दगा देतो पत्रा. खानापूर, लोंढ्याकडचा पाऊस आणि लाल चिखल चाकाच्या कमानीत, दाराच्या उंबऱ्यात आणि फ्लोअरखाली बसून राहतो. वरून रंग चकाचक असतो आणि मॅट उचलली की खालचा रस्ता दिसतो! सरकत्या दाराचा रूळही तसाच; दार अडकतं किंवा नीट लॉक होत नाही. मेस्त्रीकडे गाडी वर उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भोक पडलं तर तिथे पुट्टी भरू नका, पत्रा कापून वेल्डिंग करून घ्या. चॅसी नंबरच्या आसपास गंज असेल तर हलक्या हाताने ब्रशने साफ करा, ग्राइंडर अजिबात लावू नका. अक्षरं गेली की काम फार लांबतं.

दुसरा नंबर मागच्या भागाचा. ओम्नीची मागची चाकं ओढतात आणि सस्पेन्शन पाट्याचं, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. भाजीची पोती, सिमेंट वाहून पाटे बसलेले असतात, बुश झिजलेले असतात, प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस कटकट वाजतो. मागच्या ब्रेकचं व्हील सिलिंडर गळलं की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणाऱ्याला हे टेस्टच्या आधीच कळलेलं बरं. हँडब्रेक चढावर धरतो का, स्टिअरिंगला ढिलाई किती, हेही बघून ठेवा. टायरची नक्षी किमान १.६ मिमी पाहिजे.

आमची स्वतःची जुनी गाडी एकदा परत पाठवली ती एका बंद रिव्हर्स लाइटमुळे. बल्ब बदलायला पाच मिनिटं लागली असती, आमचा अख्खा दिवस गेला.

पीयूसी कागदावरचे आकडे कुणी वाचत नाही, पण वाचा. बीएस-३ (गाडीच्या धुरासाठीचा सरकारी मापदंड) पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यापर्यंत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं. पास झाली पण आकडा काठावर असेल तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून घ्या.

गॅस किट असेल तर आरसीवर इंधनात त्याची नोंद पाहिजे, टाकीचं टेस्टिंग चालू मुदतीत पाहिजे. सीएनजी टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी होते. नोंद नसलेलं किट आणि मागे बसवलेलं जादा बाकडं, दोन्ही ओम्नीत नेहमी सापडतात. शाळेची मुलं भाड्याने नेणारी गाडी तर खासगी नोंदणीवर चालतच नाही. तिला परमिट आणि फिटनेस वेगळं लागतं.

कोल्हापूरहून एमएच-०९ गाडी स्वस्त मिळाली म्हणून आणली असेल तर क्रम वेगळा. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत दाखला) आधी, मग इकडे फॉर्म २७ ने नवा नंबर, २९ आणि ३० ने नाव, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. पंधरा वर्षं भरत आलेल्या गाडीत हा कर आणि नूतनीकरणाची फी मिळून स्वस्ताई कधीकधी उरतच नाही; सौदा ठरवण्याआधी बेरीज करा.

टेस्टमध्ये नापास झाली तर दोष विचारून लिहून घ्या, तेवढेच दुरुस्त करा आणि पुन्हा दाखवा. तोवर मुदत संपली असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. दंड तर आहेच, अपघात झाला तर विमा कंपनी आधी आरसीची तारीख बघते.