झोपेतली नाडी

रात्रीचे दोन वाजलेत. सिस्टर खाटेपाशी येते, झोपलेल्या बाईच्या मनगटावर अलगद तीन बोटं टेकवते आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजते. जागेपणी नाडी काळजीनंही पळते. पण ताप नाही, अंगात रक्त कमी नाही आणि तरीही झोपेत नाडी नव्वदच्या खाली उतरत नसेल, तर संशय गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर जातो. उपचार सुरू झाल्यावर औषध लागू पडतंय का, तेही हाच आकडा सांगतो.

ही ग्रंथी जास्त हार्मोन सोडू लागली की अख्खं शरीर भरधाव सुटतं. भूक वाढूनही वजन उतरतं, घाम सुटतो, हात कापतात. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून बघा, थरथर लगेच दिसते. बहुतेकदा कारण असतं ग्रेव्ह्‌जचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीला चेतवत राहते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी त्याचं वर्णन १८३५ मध्ये केलं.

‘हल्ली फार चिडचिड करते’ असं घरचे म्हणतात. ती चिडचिड आजाराची असते, स्वभावाची नाही, हे त्यांना समजावणं मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं. पेशंटला हवी गार, शांत खोली, घामानं भिजली की बदललेली सुती चादर, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पोटभरीचं खाणं. चहा-कॉफी नको, ती धडधड वाढवते.

या आजारात डोळे बाहेर आले असतील तर झोपेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं. दिवसा थेंब, रात्री मलम, उशाला उंची.

कार्बिमाझोल ही थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी घेताना ताप आला किंवा घसा दुखला, तर साधी सर्दी समजून काढा पीत बसू नका. क्वचित या गोळीनं पांढऱ्या पेशी एकदम घटतात. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्त तपासा.

थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल तर सिस्टर मानेवरची पट्टी पाहून थांबत नाही. पेशंट उताणा असला की रक्त मागे ओघळतं आणि पुढची पट्टी कोरडीच दिसते, म्हणून ती मानेखाली हात घालून बघते. मग ‘नाव सांगा बरं’ म्हणून आवाज घोगरा झालाय का ते ऐकते, आणि ओठांभोवती मुंग्या येतात का, हे विचारते. येत असतील तर रक्तातलं कॅल्शियम घसरतंय.