आनंद आणि शिष्यत्व : भृगूपासून ज्ञानेश्वरीपर्यंत

गुरूच्या सहवासात राहून त्याची मनोभावे सेवा केली की आनंद आपोआप पदरात पडतो, ही समजूत आज इतकी रुळली आहे की ती मुळापासून अशीच असावी असे वाटते. जुन्या ग्रंथांत मात्र गुरुसेवा आणि आनंद यांचे नाते इतके सरळ नाही.

तैत्तिरीय उपनिषदातील ब्रह्मानंदवल्ली आनंदाचे चक्क मोजमाप करते. तरुण, सदाचारी, अध्ययनशील आणि बलवान माणसाला संपत्तीने भरलेली सारी पृथ्वी मिळाली, तर तो मानवी आनंदाचा एक घटक. तेथून मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, देव, इंद्र असे चढत प्रत्येक पायरीवर तो शंभरपट होतो. मात्र मानवी आनंदानंतरच्या प्रत्येक पायरीवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : तोच आनंद कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद जाणणाऱ्यालाही, लाभतो. पुढच्या भृगुवल्लीत भृगू आपला पिता वरुण याच्याकडे ब्रह्म जाणून घेण्यासाठी जातो, तेव्हा वरुण त्याला ब्रह्माचे लक्षण सांगतो, पण उत्तर हाती देत नाही. ‘तपाने जाण’ एवढेच सांगून तो त्याला परत पाठवतो. अन्न, प्राण, मन, विज्ञान असे एकेक उत्तर घेऊन आलेला भृगू प्रत्येक वेळी पुन्हा तपाला लागतो आणि शेवटी आनंद हेच ब्रह्म, हे त्याचे त्यालाच उमगते.

बौद्ध परंपरेतील आनंद या नावाच्या शिष्याची कथा याहून कठोर आहे आणि, माझ्या मते, अधिक मानवीही. तो गोतम बुद्धांचा चुलत भाऊ. बुद्धांचा नित्य सेवक होण्याआधी त्याने आठ अटी घातल्या. बुद्धांना मिळालेली चांगली चीवरे (भिक्षूंची वस्त्रे) किंवा भिक्षा आपल्याला देऊ नये, ही त्यांपैकी एक. आपल्या गैरहजेरीत दिलेला उपदेश आपल्याला पुन्हा सांगावा, ही दुसरी. सेवा लाभासाठी केली असे कोणी म्हणू नये आणि धम्म मात्र निसटू नये, अशी दोन्ही बाजूंची काळजी त्यात दिसते. त्याने 25 वर्षे सावलीसारखी सोबत केली. तरीही बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात कुसिनारा येथे बुद्धांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा तो दाराला टेकून रडतो, कारण तो अजून शिकाऊच असतो आणि अनुकंपा करणारे शास्ते, म्हणजे गुरू, निघालेले असतात. बुद्ध त्याला जवळ बोलावून त्याच्या मैत्रीपूर्ण सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा करतात आणि लगेच बजावतात की आता प्रयत्नाला लाग, लवकरच आस्रवमुक्त (चित्तातील मलांपासून मुक्त) होशील. सेवेचे पुण्य मोठे, पण निब्बाणाचे (निर्वाणाचे) परम सुख त्याच्या मोबदल्यात मिळणारे नव्हे, असा त्याचा अर्थ.

पुढे बुद्धांच्या उपदेशाचे संकलन करण्यासाठी राजगृहात भरलेल्या पहिल्या संगीतीसाठी, म्हणजे भिक्षूंच्या सभेसाठी, ज्येष्ठ शिष्य महाकश्यपांनी अर्हतांची, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्या भिक्षूंची, निवड केली. आनंदाला अर्हत्त्व मिळाले ते संगीतीच्या आदल्या रात्रीच्या अखेरीस, पाय जमिनीवरून उचलले आहेत आणि डोके उशीला टेकलेले नाही, अशा क्षणी. संगीतीत त्याने सुत्ते, म्हणजे बुद्धांचे उपदेश, म्हणून दाखवली. सुत्तांच्या आरंभीचे ‘एवं मे सुतं’ (असे मी ऐकले) परंपरेने त्याच्याच तोंडचे मानले आहे. त्याच संगीतीत, स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून रदबदली केल्याबद्दल त्याला दोषही लावण्यात आला, ही गोष्ट आज विशेष नोंदवण्यासारखी आहे.

मराठीत 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत हा प्रवाह वेगळे वळण घेतो. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ‘आचार्योपासन’ (गुरूची सेवा) या एकाच पदावर ज्ञानेश्वर ओव्यांमागून ओव्या रचतात. श्रीगुरूंचे चरण जेथे उभे राहतील त्या भूमीत आपल्या शरीराची माती मिसळावी, इथवर त्यांचा शिष्य जातो. भृगूला आनंद तपाच्या शेवटी भेटला आणि शिष्य आनंदाला मुक्ती सेवेचा काळ सरल्यावर. ज्ञानेश्वरांच्या शिष्याला मात्र सेवेपलीकडे काही मागायचेच नाही. तरी गीतेत हे पद अमानित्व, अहिंसा, क्षांती, आत्मविनिग्रह यांच्या रांगेत ज्ञानाचे एक लक्षण म्हणून आले आहे, आणि ज्ञानेश्वरही इतके रंगून गेल्यावर ती रांग न सोडता पुढच्या ‘शौच’ (शुचिता) या पदाकडे वळतात.