योनिमार्गातील जिवाणूंचे शर्करा-बंधन

योनिमार्गातील जिवाणूंचे शर्करा-बंधन : योनिमार्गाच्या श्लेष्म्यातील व पेशीपृष्ठावरील शर्करासाखळ्या, म्हणजेच ग्लायकन, जिवाणूंनी पृष्ठप्रथिनांच्या साहाय्याने धरून ठेवण्याची क्रिया. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूचे फिमएच प्रथिन मॅनोज ही शर्करा ओळखते, तर फ्युझोबॅक्टेरियम या जिवाणूचे फॅप२ प्रथिन गॅलॅक्टोज व ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन या शर्करांची जोडी.

शर्करा जिवाणूंचे अन्नही आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन ही शर्करेची साठवण होते. त्यापासून लॅक्टोबॅसिलस हे दंडाच्या आकाराचे जिवाणू (दंडाणू) लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि योनिमार्गाचा पीएच (आम्लतेचे माप) सुमारे ३·८ ते ४·५ राहतो. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये या दंडाणूंचे वर्णन केले. ग्लायकोजेन फोडते कोण, हा मात्र वादाचा प्रश्न आहे. दंडाणू ते स्वतःच फोडतात असे पूर्वी गृहीत धरले जाई. परंतु पुष्कळ वाण निव्वळ ग्लायकोजेनवर नीट वाढेनात, आणि योनिस्रावात अल्फा-अमायलेज हे ग्लायकोजेन फोडणारे मानवी विकर आढळले. पुढे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस या जातीत ग्लायकोजेन फोडणाऱ्या पुलुलनेज या विकराचे जनुकही मिळाले. दोन्ही वाटा चालू असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गार्डनेरेला या जिवाणूच्या काही वाणांचे सायलिडेज हे विकर म्यूसिनच्या (श्लेष्म्यातील शर्करायुक्त प्रथिनाच्या) टोकावरील सायालिक आम्ल ही शर्करा कापते. आतली शर्करा उघडी पडते, श्लेष्मा विरळ होतो आणि सुटलेले सायालिक आम्ल स्वतः सायलिडेज नसलेले फ्युझोबॅक्टेरियमही खाते. पेशींवर चिकटलेल्या जिवाणूंच्या थरामुळे दिसणारी ‘क्लू पेशी’ गार्डनर व ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये वर्णिली : सूक्ष्मदर्शकाखाली तांदळाचे पीठ भुरभुरावे तशी ती ठिपकेदार दिसते आणि तिची कड हरवते.

कोकण किनाऱ्यावरील दवाखान्यांत तक्रार ‘अंगावरून पांढरं जातं’ अशीच येते. नमुना योनीच्या बाजूच्या भित्तीवरून घ्यावा. गर्भाशयग्रीवेचा श्लेष्मा, रक्त किंवा वीर्य मिसळल्यास पीएच खोटा चढतो. ४·५ हून अधिक पीएच, पातळ एकसारखा स्राव, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा मासळीसारखा वास आणि क्लू पेशी, या चारपैकी तीन लक्षणे आढळल्यास जिवाणुजन्य योनिविकार मानतात (ॲमसेल निकष, १९८३). पावसाळी दमट हवेत पीएच-पट्टीची डबी उघडी राहिली तर पट्ट्या ओल धरतात व रंग भरवशाचा राहत नाही. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. काचपट्टीवरील लेपही सावकाश वाळतो. तो ओला असतानाच स्थिर केला, तर ग्राम रंजनात (जिवाणू रंगवून पाहण्याच्या पद्धतीत) वाहून जातो आणि न्यूजेंट गुणांकनासाठी (जिवाणूंच्या प्रकारांची संख्या मोजून योनिविकार ठरवण्याच्या पद्धतीसाठी) मोजायला दंडाणूच उरत नाहीत.